खाज किड्याची नव्हे, आपली

खरजेचा किडा अंगावर चढतो तेव्हा त्याची कसलीही वर्दी लागत नाही. मादी लांबीला जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर. आठ पायांची, गोचिडीच्या नात्यातली, आणि डोळे मुळीच नसलेली. बोटांच्या बेचक्यात किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला ती कातडीच्या अगदी वरच्या थरात शिरते आणि आडवं बीळ पोखरत निघते. दिवसाला दोन-तीन मिलिमीटरची मजल. वाटेत रोज दोन-तीन अंडी घालायची, विष्ठाही तिथेच टाकायची आणि पुढे सरकायचं. हे सगळं आपल्या हातावर चाललेलं असतं आणि आपण त्याच हाताने जेवतो, लिहितो, मूल उचलून घेतो. खाज नाही, आग नाही, काही नाही. चार ते सहा आठवडे असे जातात. मग एका रात्री अंथरुणात अंग तापलं की अशी खाज सुटते, की माणूस उठून बसतो.

एवढे दिवस किडा गप्प होता आणि आता चावायला लागला, असं वाटणं साहजिक आहे. पण किड्याने काहीच बदललेलं नसतं. पहिल्या दिवशी तो जे करत होता तेच आजही करतो आहे. बदललेले असतो ते आपण. त्याची लाळ, अंडी, विष्ठा हे सगळं परकं आहे, हे ओळखून त्यावर उठायला आपल्या प्रतिकारशक्तीला महिनाभर लागतो, आणि एकदा ती उठली की खाज सुरू होते. याचा पडताळा सोपा आहे. ज्याला पूर्वी एकदा खरूज होऊन गेली आहे, त्याला पुन्हा लागण झाली तर महिना थांबावं लागत नाही. एक-दोन दिवसांतच खाज सुटते, कारण शरीराला ओळख पटलेली असते.

त्वचेच्या आजारांबद्दल मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. आपण ज्याला आजार म्हणून पाहतो, ती लाली, खाज, सूज, खपल्या, त्यातलं बरंचसं आपल्याच शरीराने केलेलं असतं. जंतू, बुरशी, किडा हे पुष्कळदा नुसतं निमित्त असतात, आणि काही आजारांत तर तेवढं निमित्तही बाहेरून आलेलं नसतं.

खरजेकडे परत येतो, कारण तिचा इतिहासही तिच्याइतकाच चमत्कारिक आहे. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात १६८७ मध्ये जोव्हान्नी कोझिमो बोनोमो हे वैद्य आणि जाचिंतो चेस्तोनी हे औषधविक्रेते यांनी एक साधी गोष्ट पाहिली. गावातल्या आया आपल्या खरजेच्या मुलांच्या हातातून सुईच्या टोकाने काहीतरी बारीक पांढरं काढून टाकायच्या. बंदरावरचे गुलामही एकमेकांचं हेच करायचे. या दोघांनी तो ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर तो चालत होता. त्यांनी त्याचं चित्र काढलं, त्याला अंडं घालताना पाहिलं आणि या किड्यामुळेच खरूज होते असं पत्र लिहून शास्त्रज्ञ फ्रान्चेस्को रेदी यांना कळवलं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जिवामुळे माणसाला आजार होतो, हे इतक्या स्पष्टपणे कुणी दाखवण्याची ती पहिली वेळ म्हणावी लागेल. पाश्चर यांच्या जंतुसिद्धांताच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची.

आणि वैद्यांनी ते मानलं नाही. खरूज म्हणजे रक्तातला दोष, शरीरातली घाण बाहेर पडते आहे, हीच समजूत पुढे दीडशे वर्षं चालली. मध्यंतरी पॅरिसमध्ये एकाने किडा सापडल्याचा गाजावाजा केला, पण त्याच्या चित्रातला किडा जुन्या चीजमधला निघाला. शेवटी १८३४ मध्ये सिमों फ्रान्स्वा रेनुच्ची या विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सर्वांसमोर सुईने किडा काढून दाखवला. हे तो कॉलेजात शिकला नव्हता. तो कॉर्सिका बेटावरचा होता आणि तिथल्या शेतकरी बायकांना त्याने लहानपणापासून हे करताना पाहिलं होतं. मोठमोठे डॉक्टर पाण्याने भरलेल्या पुळीत किडा शोधत होते. त्या बायकांना ठाऊक होतं की पुळीत काही नसतं. पुळीपासून निघणारी ती राखाडी, केसासारखी नागमोडी रेघ जिथे संपते, तिथल्या टोकाला किडा बसलेला असतो. पुळी ही आपली प्रतिक्रिया आणि रेघ हे त्याचं घर. इतक्या विद्वानांना जे दीडशे वर्षं दिसलं नाही, ते या बायका पदर खोचून रोज करत होत्या. या गोष्टीचं मला फार कौतुक आहे.

अंगभर खाज सुटलेल्या माणसावर असे किडे असतात तरी किती? दुसऱ्या महायुद्धात केनेथ मेलनबी यांनी इंग्लंडमध्ये शेकडो सैनिकांच्या अंगावरचे मोजले. सरासरी निघाली अकराच्या आसपास. अकरा! त्यांनी शेफील्डमध्ये, लढायला नकार दिलेल्या तरुणांना स्वयंसेवक म्हणून घेतलं आणि त्यांना खरजेच्या रुग्णांच्या न धुतलेल्या घोंगड्यांत झोपायला लावलं. फार थोड्यांना लागण झाली. खरी लागण व्हायची ती एका अंथरुणात अंगाला अंग लागून झोपल्यावर. म्हणून ही घराची, वसतिगृहाची, आश्रमशाळेची व्याधी आहे. ती अस्वच्छ माणसाचीच असते असं नाही, रोज आंघोळ करणाऱ्यालाही ती तितकीच होते.

यातून उपचाराचा नियम आपोआप निघतो. खाज एकाला सुटली असली तरी घरातल्या इतरांच्या अंगावर किडा त्या मुक्या महिन्यात असू शकतो. म्हणून परमेथ्रिनचं मलम घरातल्या सर्वांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खालीसुद्धा लावायचं आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचं. अगदी लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. एवढं केल्यावरही दोन-तीन आठवडे खाजतच राहतं, आणि लोक म्हणतात औषध लागू पडलं नाही. किडे मेलेले असतात. त्यांचा कचरा कातडीत उरलेला असतो, आणि तो थर झडून जाईपर्यंत शरीर त्याच्यावर चिडलेलंच राहतं.

आता गजकर्ण. कोणी नायटा म्हणतं. ही बुरशी आपल्या जिवंत पेशींना हातच लावत नाही. ती खाते केराटिन, म्हणजे ज्या प्रथिनाची आपली नखं, केस आणि कातडीचा सर्वांत वरचा मेलेला थर बनलेला असतो, ते. फार थोड्या सजीवांना ते पचवता येतं. जांघ, काख, कंबरपट्टा अशा घामाच्या जागी तिला ओल आणि ऊब दोन्ही मिळतात.

तिचा आकार गोलच का? डोंगरावर वणवा लागतो तेव्हा जाळ कडेला असतो आणि मध्ये राख, तसंच इथे चालतं. बुरशी एका ठिकाणी रुजते आणि चारी दिशांना पसरते. ती पोचली की त्वचेला सूज येते, त्वचा वरचा थर भराभर झाडू लागते आणि त्या कोंड्याबरोबर बुरशीही मधल्या भागातून उडून जाते. म्हणून मध्ये कातडी जवळजवळ साफ आणि कडेला लालसर, उंचवट्याची, बारीक पुळ्यांची कड. ते कडं म्हणजे लढाईची सीमारेषा आहे.

डॉक्टर तपासायला घेतात तेही त्या कडेचंच. बोथट पात्याने थोडा कोंडा काचपट्टीवर खरवडायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि थोडा वेळ थांबायचं. माणसाच्या पेशी हळूहळू विरघळून पारदर्शक होतात. मग त्या धूसर पार्श्वभूमीवर एकदम सरळ, फांद्या फुटलेले, मध्ये मध्ये पडदे असलेले काचेसारखे धागे दिसू लागतात. ज्याने हे एकदा पाहिलं तो गजकर्णाला पुन्हा रक्तातला दोष म्हणणार नाही.

पण आपल्याकडे माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी मेडिकलच्या दुकानात जातो. 'खाजेची ट्यूब द्या.' मिळणाऱ्या ट्यूबमध्ये पुष्कळदा बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि जोडीला एक जालीम स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. माणूस खूश. झालेलं काय असतं? स्टिरॉइडने बुरशीला धक्काही लावलेला नसतो. त्याने आपल्या प्रतिकारशक्तीला झोपवलेलं असतं. लढाई थांबल्यामुळे कडं पुसट होतं आणि बुरशी मोकळ्या रानात पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट जोराने उसळते. पुन्हा ट्यूब. मग कड्यात कडं, त्यात आणखी कडं, असे विचित्र आकार दिसू लागतात. जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे कायमचे लाल-पांढरे चरे पडतात. डॉक्टरांनाही ओळखू न येणाऱ्या अशा गजकर्णाला इंग्रज डॉक्टरांनी १९६८ मध्येच वेगळं नाव देऊन ठेवलं होतं. आपण मात्र गेल्या काही वर्षांत त्याची घरोघर लागवड केली.

बुरशीही या काळात स्वस्थ बसलेली नाही. जपानमध्ये २०२० साली भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून वेगळी काढलेली एक जात नोंदली गेली आणि तिचं नावच पडलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन हे वर्षानुवर्षं हमखास चालणारं औषध तिच्यातल्या अनेक वाणांवर चालत नाही. हे औषध बुरशीच्या ज्या एका एन्झाइमला पकडतं, त्याचीच घडण बदललेली असते. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडल्याचं जाहीर झालं. जगाला आपण दिलेल्या गोष्टींत हिची भर पडावी, हे काही भूषण नव्हे. सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ती चिठ्ठी किती दुकानांत मागितली जाते, हे वाचकांना ठाऊकच आहे.

प्रत्येक डाग मात्र असा भांडकुदळ नसतो. घामाच्या दिवसांत छातीवर, पाठीवर, मानेवर जे फिकट चट्टे येतात, ज्यांना आपण शिबं म्हणतो, ती मॅलेसेझिया नावाच्या बुरशीची करणी. ही बुरशी तुमच्या-माझ्या तेलकट त्वचेवर एरवीही असते, निमूटपणे. उकाडा आणि घाम वाढला की ती फोफावते आणि तिच्यातून निघणारी काही द्रव्यं रंग बनवणाऱ्या पेशींचं काम मंद करतात. खाज जवळजवळ नाही. नखाने खरडलं की बारीक कोंडा निघतो. हिचा कॅल्शियमच्या कमतरतेशी काही संबंध नाही आणि कोडाशीही नाही.

नागिणीची गोष्ट निराळी. लहानपणी कांजण्या आल्या, गेल्या, खपल्या पडल्या, सगळे विसरले. विषाणू विसरत नाही. तो त्वचेतून मज्जातंतूंच्या वाटेने आत सरकतो आणि पाठीच्या कण्यालगत, मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो. चाळीस, पन्नास, साठ वर्षं. मग वय, आजारपण किंवा एखादं औषध यांनी पहारा ढिला पडला, की तो जागा होतो आणि ज्या वाटेने आत आला होता त्याच वाटेने बाहेर येतो.

हे उलगडण्यात एका साध्या फॅमिली डॉक्टरचा मोठा वाटा आहे. नागीण झालेल्या माणसाच्या घरातल्या मुलांना कांजण्या येतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टमधल्या जानोश बोकाय या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं होतं. पण नागीण स्वतः कुठून येते? इंग्लंडमधल्या सायरन्सेस्टर या छोट्या गावात रुग्ण पाहणारे एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. ते स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड द्वीपसमूहातल्या येल बेटावरही गेले, कारण इतक्या छोट्या वस्तीत कोणाला काय कोणाकडून लागलं याचा माग काढता येतो. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं, की नागीण कोणाकडून लागत नाही, ती आतूनच येते. विषाणू आयुष्यभर आपल्यात असतो आणि प्रतिकारशक्ती ओसरली की वर येतो. प्रयोगशाळांतला पुरावा पुढे यथावकाश आला.

आता ती प्रसिद्ध भीती. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं, कमरेला वेढा पुरा झाला, की माणूस वाचत नाही. विषाणू जागा होतो तो सहसा एकाच बाजूच्या, एकाच मज्जातंतूच्या गाठीत. त्या मज्जातंतूचा पट्टा पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीच्या बाजूने पुढे येतो आणि छाती-पोटाच्या मध्यरेषेवर संपतो. तिथून पुढे दुसऱ्या बाजूच्या मज्जातंतूची हद्द. म्हणून फोड रेघ मारल्यासारखे मध्यावर थांबतात. वेढा पुरा होत नाही तो याच कारणाने. प्रतिकारशक्ती फारच खचलेल्या माणसात क्वचित फोड अंगभर पसरतात. तिथे धोका असतो तो त्या खचलेपणाचा. गेरूचा लेप, मंत्र, उतारा यांचं नाव झालं तेही समजण्यासारखं आहे. फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात, आणि श्रेय ज्याने त्या दिवसांत काही केलं त्याला मिळतं.

मात्र लेप लावण्यात गेलेले दिवस महाग पडतात. विषाणूविरोधी गोळ्यांचा खरा उपयोग पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर होतो. फोडांच्या आधी दोन-तीन दिवस नुसतीच कळ येते, आणि तेव्हा हृदय, मुतखडा, अपेंडिक्स सगळ्यांवर संशय घेऊन होतो. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावं, कारण नाकाच्या शेंड्याकडे आणि डोळ्याकडे जाणाऱ्या फांद्या एकाच मज्जातंतूच्या आहेत. वयस्कर माणसांत फोड जाऊनही कळ महिनोन्‌महिने राहते. पन्नाशीनंतर घ्यायची लस आता आपल्याकडे मिळते.

सोरायसिसमध्ये बाहेरचा कोणी नसतोच. त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन झडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्तीच्या चुकीच्या हुकमांमुळे हा प्रवास चार-पाच दिवसांत होतो. अर्ध्याकच्च्या पेशी एकावर एक चढतात, त्याच त्या चंदेरी खपल्या. कोपर, गुडघे, डोक्याची कातडी या ठरलेल्या जागा. हाइनरिश कोबनर या जर्मन डॉक्टरांनी १८७० च्या दशकात एक रुग्ण पाहिला, ज्याच्या अंगावर खरचटलेल्या जागी, घोडा चावलेल्या जागी आणि गोंदवलेल्या जागी नेमके सोरायसिसचे चट्टे उमटले होते. जिथे त्वचेला इजा, तिथे आजार.

हीच गोष्ट कोडात दिसते. तिथे प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींनाच शत्रू समजते. परकराचा नाडा घट्ट बांधला जातो त्या कमरेच्या रेघेवर, चपलेचा पट्टा घासतो तिथे, पांढरे डाग उठतात. कपाळाच्या मधोमध टिकलीएवढा पांढरा डाग दिसला, तर आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ आधी टिकलीच विचारतात, कारण काही टिकल्यांच्या गोंदातलं पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल हे रसायन त्या पेशी मारतं. दूध आणि मासे एकत्र खाण्याचा यात काही हात नाही, आणि कोड कोणाला लागतही नाही. उपचाराने रंग परत येऊ लागतो तेव्हा पांढऱ्या डागात आधी बारीक तपकिरी ठिपके उमटतात, प्रत्येक ठिपका एकेका केसाच्या मुळाशी. रंगाच्या पेशींचा राखीव साठा केसांच्या मुळांत दडलेला असतो, हल्ल्यातून वाचलेला. तळहातावर केस नाहीत, म्हणून तिथला डाग हट्टी.

इथवर शरीर कुठे ना कुठे बोलत होतं. खाजवत होतं, सुजत होतं, झडत होतं. शेवटचा आजार न बोलणारा आहे. कुष्ठरोगाचा जंतू गेऱ्हार्ड आरमाउअर हान्सेन यांना नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये १८७३ साली दिसला. तो एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस घेतो, तर हगवणीचा जंतू तेच वीस मिनिटांत उरकतो. प्रयोगशाळेच्या बशीत तो आजवर कोणालाही वाढवता आलेला नाही. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सहसा पाच वर्षं जातात, कधी वीसही. तो मज्जातंतूंत घर करतो आणि तिथली जाणीव मारतो. चट्टा फिकट किंवा लालसर असतो, त्याला खाज नसते, दुखत नाही.

बोटं झडतात, मांस कुजतं, हा या रोगाविषयीचा जुना धसका. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम करू लागलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांना मात्र रुग्णांच्या जखमा इतर कोणाच्याही जखमांसारख्या भरताना दिसल्या. मग बोटं जातात कुठे? रुग्ण गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवायचा आणि बोट फाटलेलं त्याला कळायचंही नाही. काहींची बोटं रात्रीत कमी व्हायची. पहारा ठेवला तेव्हा दिसलं, उंदीर कुरतडत होता आणि माणूस शांत झोपला होता. त्यानंतर रुग्णांना घरी जाताना मांजर दिलं जाऊ लागलं. बोटं जंतू खात नव्हता. वेदना नव्हती, म्हणून ती जात होती.

भारतात दरवर्षी अजूनही लाखाच्या आसपास नवे कुष्ठरुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. उपचार सहा महिने किंवा वर्षभराचा, गोळ्यांचा आणि सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत. सुरुवातीलाच घेतला तर हात-पाय वाकडे होत नाहीत. तेव्हा खाजणाऱ्या चट्ट्यासाठी ट्यूब घेण्याआधी डॉक्टर गाठा, आणि न खाजणाऱ्या चट्ट्यासाठी आणखी लवकर गाठा. डोळे मिटून त्यावर कापसाचं टोक फिरवून घ्या. स्पर्श कळला नाही तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.